हाताच्या अंतरावर

"कंबर वळव! हात ओढू नकोस, कंबर वळव!" असं ओरडत बाईंनी समोरच्या धिप्पाड शिकाऊ शिपायाच्या पट्ट्यातलं लाकडी पिस्तूल झाडाचं पान खुडावं तितक्या सहज काढून घेतलं. "झालं. मेलास. आता तुझ्या घरी सांगायला कोण जाणार? मी?"

मॅटच्या कडेनं बसलेल्या तुकडीत हशा पिकला. तो शिपाई लाजून मान खाजवायला लागला. बाईंनी पिस्तूल त्याच्या पट्ट्यात परत खोचलं आणि त्याच्या कमरेला दोन्ही हातांनी धरून, कपाट सरकवावं तसं त्याला वळवून दाखवलं. "हा पट्टा बघ कुठं गेला. माझ्यापासून लांब. आता मला ओढू दे किती ओढायचं ते. पुन्हा."

तेवढ्यात दारात प्राचार्य दिसले. ते सहसा या हॉलमध्ये येत नसत. घामाचा वास त्यांना सोसत नसे. आज मात्र ते नाकाला रुमाल न लावताच उभे होते.

"बाई, जरा बाहेर या."

बाई बाहेर आल्या. प्राचार्यांनी दार लोटून घेतलं.

"तुमची ती काडी. इस्पितळात कैद्याबरोबर ड्यूटीवर होती. त्यानं हल्ला केला."

"पिस्तूल?"

पोरीची चौकशी करायच्या आधी आपण हत्यार विचारलं, याचं बाईंना नंतर वाईट वाटलं. पण जन्म या कामात गेला होता. कैद्याच्या हाती पिस्तूल गेलं असेल, तर पोरगी कशी आहे हे विचारायचं कारणच उरत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

"तिच्याकडंच आहे."

"मग ती जिवंत आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी चौकट धरली.

"आहे. तोही आहे. गोळी सुटलीच नाही."

काडी हे नाव तिला तुकडीनं ठेवलं होतं. आली तेव्हा खरंच काडेपेटीतून निसटल्यासारखी दिसायची. आई शाळेची बस चालवायची. पोरीला पोलिसात जायचं होतं, आणि लेखी परीक्षेत ती पहिल्या पाचांत आली होती. मॅटवर मात्र कुणीही यावं आणि तिला आपटून जावं. दुसऱ्या आठवड्यात ती बाईंकडे आली. म्हणाली, "बाई, मला नाही जमणार. मी घरी जाते."

"जा की," बाई म्हणाल्या होत्या. "पण आज नको. उद्या जा."

दुसऱ्या दिवशीही त्यांनी तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशीही. असं करता करता काडी पडायला शिकली, मग पडता पडता दुसऱ्याला खाली घ्यायला शिकली, आणि एके दिवशी बाईंनाच तिनं मॅटवर घेतलं. त्या दिवशी बाई घरी आल्या त्या शीळ घालतच.

घरी मास्तर होते. म्हणजे बाईंचे यजमान. केंद्रात सगळे त्यांना मास्तरच म्हणायचे, कारण नेमबाजी ते शिकवायचे. प्रशिक्षण केंद्राच्या एका टोकाला बाईंचा हॉल आणि दुसऱ्या टोकाला मास्तरांची रेंज. मधे भलंमोठं मैदान. पूर्वी या दोन टोकांचं एकमेकांशी अजिबात पटायचं नाही. रेंजवाल्यांना वाटायचं, हातात पिस्तूल असताना कुस्त्या खेळायची गरजच काय. हॉलवाल्यांना वाटायचं, लांबून कागदाला भोकं पाडणं म्हणजे काही लढाई नव्हे.

मास्तर पहिल्यांदा हॉलमध्ये आले ते तक्रार घेऊनच.

"तुमच्याकडून येणाऱ्यांची मनगटं सुजलेली असतात. नेम कसा लागायचा?"

"नेम लावायला वेळ कोण देणार त्यांना?" बाई म्हणाल्या. तेव्हा त्या नुकत्याच ज्युदोची पदकं गळ्यात घालून नोकरीला लागल्या होत्या आणि कुणाला भीक घालत नव्हत्या. "तुमची पोरं डोळा मिटेपर्यंत कुणीतरी कानशिलात देऊन जाईल."

तिथं सुरू झालेलं भांडण पुढं थांबलं नाही. लग्न तेवढं मधे झालं.

भांडणातून काम उभं राहिलं ते एका वाईट दिवशी. मास्तरांचा एक शिष्य होता. त्याच्याइतका नेम अख्ख्या खात्यात कुणाचा नव्हता. तो एका घराच्या दारात उभा राहून चौकशी करत होता, आणि दार उघडणाऱ्यानं त्याच्याच कमरेचं पिस्तूल हिसकावून त्याला मारलं. दोघांत हातभराचंही अंतर नव्हतं. त्याला अखेरचा निरोप देऊन मास्तर घरी आले आणि स्वयंपाकघरात बसले. मग उठले, सरावाचं लाकडी पिस्तूल कमरेला खोचलं आणि टेबल आणि फ्रिजच्या मधल्या चिंचोळ्या जागेत बाईंसमोर उभे राहिले.

"घे माझ्याकडून."

त्यांचं बोलणं संपायच्या आत पिस्तूल बाईंच्या हातात होतं.

मास्तरांनी त्याच्याकडं पाहिलं, परत घेतलं, परत खोचलं. "पुन्हा."

त्या संध्याकाळपासून त्या स्वयंपाकघरात जे चाललं ते बघून शेजाऱ्यांना काय वाटत असेल कोण जाणे. लेक टेबलावर अभ्यास करायची. मधेच वही छातीशी धरून विचारायची, "तुम्ही भांडताय की खेळताय?" फ्रिजच्या दाराला मास्तरांच्या खांद्याचा पोचा पडला. पण हळूहळू एकाची विद्या दुसऱ्याच्या विद्येत मिसळत गेली. समोरचा अंगाशी आला की आधी हत्यार काढायचं नाही, आधी ते जागेवर दाबून धरायचं, हे बाईंचं. दुसऱ्या हाताच्या कोपरानं त्याला हलवायचं, हेही बाईंचं. मग श्वासापुरती जागा मिळाली की पिस्तूल काढायचं, पण हात लांब करायचा नाही, बरगडीला चिकटवून धरायचं, म्हणजे त्याला हिसकावता येत नाही आणि आपला डावा हात नळीपुढं येत नाही, हे मास्तरांचं. केंद्रात ते शिकवायला सुरुवात झाली तेव्हा लोक हसले. पुढं हसणं बंद झालं, कारण तिथून शिकून गेलेले शिपाई संध्याकाळी धडपणे घरी जायला लागले होते.

फक्त एका गोष्टीवर दोघांचं कधीच जमलं नाही. पिस्तूल एकदा हातात आलं की पुढं काय?

"मागं हटायचं," मास्तर म्हणायचे. "लांब जायचं. हत्यार हातात घेऊन परत त्याच्या अंगावर जायचं म्हणजे वेडेपणा."

"आणि मागं भिंत असली तर?"

"भिंत असली तर गोळी चालवायची."

"आणि त्याच्या मागं माणसं असली तर?"

"तू ना, मुद्दाम अडचणी काढतेस."

प्रशिक्षणाची पुस्तिका लिहायची वेळ आली तेव्हा लेखणी मास्तरांकडं होती. त्यांची भाषाही सुरेख. त्यांनी लिहिलं: 'हत्यार हाती आल्यावर समोरच्यापासून अंतर वाढवावे. पुन्हा जवळ जाऊ नये.' बाई आठवडाभर त्यांच्याशी फटकून वागल्या, पण वाक्य छापलं गेलं.

आता मास्तर रेंजवर नव्हते. त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि तो बरा होणारा नाही हेही सांगितलं. मास्तरांनी निवृत्तीची वाट पाहिली नाही. एके दिवशी रेंजची किल्ली देऊन आले ते परत केंद्राच्या फाटकातून आत गेले नाहीत. घरी अर्धाच कप चहा घ्यायचे. वर्तमानपत्र टेबलावर पसरून वाचायचे, म्हणजे हातात कागद वाजत नाही. बाईंना सगळं दिसत होतं. त्या त्यावर बोलत नसत.

इस्पितळात काडी खाटेवर बसली होती. भुवईवर टाके, डाव्या हाताच्या करंगळीला पट्टी, ओठ सुजलेला. बाईंना बघून ती उठायला लागली.

"बस. काय झालं ते सांग."

"एक्स-रेसाठी त्याची हातकडी काढली होती. जोडीदार लिफ्ट धरायला पुढं गेला. हा बाहेर आला तो थेट माझ्या कमरेवरच. दोन्ही हातांनी."

"मग?"

"दाबून धरलं. कंबर वळवली. त्यानं डोकं मारलं, हे इथं. मी कोपर दिलं. तो थोडा मागं गेला, तेवढ्यात काढलं."

"कुठं धरलंस?"

"बरगडीला. घट्ट. बोट चापाबाहेर." काडीनं सुजल्या ओठावरून जीभ फिरवली. "बाई, त्याच्या मागं काचेचं दार होतं. पलीकडं चाकाच्या खुर्च्या होत्या रांगेत. एक आजी माझ्याकडंच बघत होत्या. गोळी कशी चालवू? आणि माझ्या मागं भिंत. तो परत येणार हे त्याच्या खांद्यावरून कळलं. मग मीच गेले."

"हत्यार हातात ठेवून?"

"हो. ते तसंच बरगडीला. डावा हात त्याच्या गळ्याखाली घातला, बाजूच्या भिंतीला लावला आणि पाय काढून घेतला. तो पडल्यावर पाठीवर गुडघा. मग पिस्तूल आत ठेवलं, बटण लावलं आणि मग हातकडी." ती थांबली. "पुस्तिकेत तसं नाहीये. मी चुकले का?"

हे त्यांनी तिला शिकवलेलं नव्हतं. मास्तरांनीही नव्हतं. दोघांच्या भांडणात जी जागा रिकामी राहिली होती, त्या जागेत ही काडी एकटी जाऊन उभी राहिली होती.

"उद्या घरी जा," त्या म्हणाल्या. "आज आराम कर."

काडीला हसू आलं आणि ओठाची जखम पुन्हा उघडली.

कौतुक मात्र दोनच दिवस टिकलं. मग कुजबुज सुरू झाली. गोळी का झाडली नाही? घाबरली असणार. हत्यार घेऊन कैद्याच्या अंगावर गेली, ते त्याच्या हाती लागलं असतं तर? अख्खा मजला मेला असता. मुख्यालयातून चौकशी लागली. आणि चौकशीत तिच्यासमोर जे ठेवलं गेलं, ते पुस्तिकेतलं ते वाक्य होतं.

बाई घरी आल्या आणि पिशवी न ठेवताच म्हणाल्या, "काडीची नोकरी जाणार बहुतेक."

"का?"

"नियम मोडला म्हणे. अंतर वाढवावे. पुन्हा जवळ जाऊ नये."

मास्तर खिडकीशी होते. वळले नाहीत. "माझंच वाक्य आहे ते," म्हणाले.

"मी तुम्हाला दोष द्यायला नाही सांगितलं."

"मला ठाऊक आहे." मग पुन्हा, हळू: "तिच्या मागं किती जागा होती?"

"पाठ टेकत होती."

चौकशीच्या दिवशी सकाळी बाई निघायला म्हणून बाहेरच्या खोलीत आल्या, तर मास्तर इस्त्रीचे कपडे घालून दारापाशी तयार. दाढी स्वतः केली होती. हनुवटीवर दोन ठिकाणी कापलं होतं.

"अहो, तुम्ही कशाला?"

"चल, उशीर होईल."

चौकशी अधिकारी सडपातळ, हळू आवाजाचे गृहस्थ होते. त्यांनी कार्यालयात बसायचं नाकारलं आणि हॉलमध्येच खुर्ची मागवली. काडी एका बाजूला ताठ उभी होती. बाजूला प्राचार्य, आणि भिंतीशी शिकाऊ तुकडी, कारण बाईंनी त्यांना बाहेर जायला सांगितलंच नव्हतं.

"पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय," साहेब म्हणाले. "मग हिनं उलट का केलं, हे मला समजून घ्यायचंय."

बाई बोलणार, तोच मागून आवाज आला. "साहेब, ते वाक्य मी लिहिलंय."

"मग तुम्हीच सांगा. हिनं ते मोडलं की नाही?"

"मोडलं. आणि बरं केलं." मास्तर पुढं आले. उजवा हात त्यांनी पाठीमागं धरला होता. "मी ते रेंजवर लिहिलं. तिथं मागं हटायला हवी तेवढी मोकळी जागा होती. आमच्या घरच्यांनी तेव्हाच विचारलं होतं, मागं भिंत असली तर. मी म्हटलं, अडचणी काढू नकोस."

तुकडीतलं कुणीतरी फिसकन हसलं. बाई मात्र हसल्या नाहीत. एवढ्या वर्षांत हे मास्तरांनी स्वयंपाकघरातसुद्धा कबूल केलं नव्हतं.

साहेबांनी चष्मा काढला. "मला दाखवता येईल? जबाब वाचून वाचून डोळ्यांसमोर काही उभं राहत नाहीये."

काडीनं खडूनं मॅटवर, भिंतीला लागून, इस्पितळातल्या त्या वाटेची रुंदी आखली. एवढीशी. साहेब स्वतः उठून त्या रेघांमधे उभे राहिले, पुढं-मागं बघितलं आणि परत बसले. बाईंनी तुकडीतल्या एकीला खूण केली, "तू काडी हो."

"मी होतो काडी," मास्तर म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. नको, असं तोंडावर आलं होतं. त्यांनी ते गिळलं आणि लाकडी पिस्तूल त्यांच्या कमरेला लावलं.

"कैदी मी," त्या म्हणाल्या. आणि मग कसलीही दयामाया न दाखवता त्या नवऱ्याच्या अंगावर गेल्या.

मास्तरांनी दाबून धरलं. कंबर वळली. वय झालं तरी कंबर विसरली नव्हती. कोपर आलं, बाईंनी ते खांद्यावर घेतलं आणि मागं गेल्या. पिस्तूल बाहेर निघालं. आणि हवेत आल्याबरोबर ते थरथरायला लागलं. सगळ्या हॉलला दिसलं. एकेकाळी या हातानं शिकवलेली माणसं खात्यात जागोजागी होती. शिकाऊ तुकडीच्या नजरा खाली गेल्या.

"घाबरलो नाहीये हं, साहेब," मास्तर म्हणाले. "याला हल्ली वेळ-काळ कळत नाही."

आणि त्यांनी कोपर मागं घेतलं, हात बरगडीला दाबला. थरथर थांबली. लाकडी नळी भिंतीतल्या खुंटीसारखी स्थिर झाली. मास्तरांनी स्वतःच खाली वाकून तिच्याकडं पाहिलं. क्षणभर ते विसरलेच की समोर कैदी आहे.

"काडी," बाई दातांत म्हणाल्या, "मी परत येतेय."

त्या परत आल्या. मास्तर मागं हटले नाहीत. पुढं आले. त्यांचा डावा हात बाईंच्या गळ्याखाली बसला, पाठ भिंतीला लागली, खालून पाय गेला. बाई खाली पडल्या त्या खऱ्याखुऱ्या पडल्या, नाटकानं नव्हे. वरून मास्तरांचा धापा टाकणारा श्वास आणि त्यांच्या अंगाचं वजन. इतक्या वर्षांत या माणसाला आपल्याला कधी पाडता आलं नव्हतं. बाईंना पाठीत कळ आली आणि आनंदानं डोळे भरून आले. ते पुसायला हात मोकळा नव्हता हे बरंच झालं.

"लागलं का गं?" मास्तर त्यांच्या कानाशी म्हणाले.

"आधी पिस्तूल आत ठेवा," बाई पुटपुटल्या. "बटण लावा. हातकडी राहिली."

साहेब उठून काडीपाशी गेले. "तुला गोळी झाडता आली असती का?"

"आली असती, साहेब. त्या अंतरावर चुकली नसती. पण त्याच्यातून पलीकडं गेली असती तर?"

"भीती वाटली?"

"खूप. अजून वाटते. जिना चढताना कुणी मागं असलं की वाटते." काडीनं बाईंकडं पाहिलं. "पण काम करता आलं."

साहेबांनी मान हलवली. जाताना ते त्या खडूच्या रेघांवर पाय न देता, वळसा घालून गेले.

निकाल यायला वेळ लागला, पण आला तो चांगला आला. काडीनं केलं ते योग्यच केलं, असं मुख्यालयानं ठरवलं, आणि पुस्तिकेतला तो भाग नव्यानं लिहून मागितला. ते एक वाक्य लिहायला बाई आणि मास्तर स्वयंपाकघरात किती दिवस भांडले, याची गंमत लेक आपल्या घरी फोनवर ऐकत असे. काडी त्याच इस्पितळात, त्याच मजल्यावर पुन्हा ड्यूटीला लागली. तिनं ती जागा मागून घेतली होती. बाईंना हे कुणी सांगितलं की त्या "हं" एवढंच म्हणत, आणि मग दिवसभर भेटेल त्याला तेच सांगत.

नवी तुकडी आली तेव्हा प्राचार्यांनी मास्तरांना बोलावणं केलं. हॉलमध्ये, बाईंबरोबर.

पहिल्या दिवशी तुकडी रांगेत उभी होती. मॅटवर बूट चालत नाहीत. मास्तर कडेच्या बाकावर बसले आणि नाडी सोडायला वाकले. बोटांना टोक सापडेना. सापडलं ते निसटलं. रांगेतला एकजण मदतीला पुढं झाला, तर बाईंनी नुसती मान हलवली आणि तो जागेवर परत गेला. कुणी खोकलं नाही, कुणी घड्याळाकडं पाहिलं नाही. एक नाडी सुटली. मग दुसरी. मास्तरांनी बूट काढून भिंतीशी नीट जोडीनं ठेवले, मोजे आत घातले, आणि ते मॅटवर पाऊल ठेवेपर्यंत सगळी रांग ताठ उभी होती.